निर्वासित छावणीतली बालवाडी आणि पहिली-दुसरी : वर्ग उभा राहतो कसा, अडतो कुठे?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती) :
निर्वासित मुलांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात आकडे असतात, फोटो असतात, पण वर्ग प्रत्यक्षात चालतो कसा हे क्वचितच सापडतं. शाळेच्या वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळपास निम्मी शाळेबाहेर आहेत, हे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संघटना दर वर्षी सांगते. मग जी शाळेत जातात ती कुठे बसतात, कोणत्या भाषेत शिकतात, आणि दोन-तीन महिन्यांत त्यातली कितीतरी गळतात ती कशामुळे?

धागा ३ ते ८ वर्षांच्या मुलांपुरता ठेवू या. या वयाच्या मुलांसाठी ढोबळमानाने तीन व्यवस्था दिसतात. छावणीतलं स्वतंत्र शिक्षण केंद्र, जसं बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्या मुलांसाठी आहे. यजमान देशाच्याच शाळेत दुपारचं वेगळं अधिवेशन, जसं लेबनॉनमध्ये सीरियन मुलांसाठी. आणि स्थानिक मुलांच्याच वर्गात बसणं, जसं युगांडात. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी बारकावे लिहा. भावना सगळ्यांपाशी आहेत, मला कृती हवी आहे.

नकाशा :
सुरुवात पाण्यापासून करतो, कारण हजेरी तिथेच ठरते.

आपत्तीतल्या मदतकार्याचे जे किमान निकष जगभर वापरतात त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं आणि रांगेत ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागू नये, असं धरलेलं आहे. पाच जणांच्या घराला म्हणजे ७५ लिटर. २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन भरला की २० किलो होतो, आणि सहा वर्षांच्या मुलाचं स्वतःचं वजन साधारण तेवढंच असतं. म्हणून लहानांच्या हातात ५ किंवा १० लिटरचा कॅन देतात आणि खेपा वाढतात. कॅनची मूठ बारीक असते, ती बोटांत रुतते, म्हणून मुलं मुठीला फडकं गुंडाळतात आणि दर तीस-चाळीस पावलांवर कॅन खाली ठेवून हात बदलतात. अशा चार खेपा करून वर्गात आलेल्या मुलाला लगेच पेन्सिल धरायला लावलं तर अक्षर थरथरतं. शिक्षकाला वाटतं मूल कच्चं आहे. खरं तर हात दमलेला असतो. पहिली पंधरा मिनिटं गाणी, गोष्ट, मोजणी अशी तोंडी ठेवावीत, लिहिणं नंतर.

चूक कुठे होते? शाळेची वेळ एक जण ठरवतो, नळाची वेळ दुसरा, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. नळ सकाळी ८ ते १० आणि वर्गही ८ ते १०, असं झालं की मुली गायब. उपाय सोपा आहे. हजेरीपट आणि पाण्याचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहायचं. शिधावाटपाचा दिवसही पटावर आधीच खूण करून ठेवायचा. त्या दिवशी आई रांगेत असते आणि सात वर्षांची मुलगी घरी धाकट्याला सांभाळते. तिची गैरहजेरी मांडून उपयोग नाही. त्या दिवशी धाकट्यासकट ये म्हणावं, आणि त्याला बसायला कोपऱ्यात एक चटई जास्तीची ठेवावी.

सुईदोरा :
नकाशा यांनी पाण्याचं सांगितलं, मी संडासाचं सांगते. याच विषयावर सगळे अडखळतात आणि मुली याच कारणाने शाळा सोडतात.

शाळेसाठीचा निकष ३० मुलींमागे एक आणि ६० मुलग्यांमागे एक असा आहे. पण संडास बांधला म्हणजे मूल तिथे जाईलच असं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांसाठीच्या खड्ड्याचं भोक भीतीदायक वाटतं, आपण आत पडू असं त्याला खरोखर वाटतं. मग ते दिवसभर धरून ठेवतं, पाणी पीत नाही, किंवा तंबूच्या मागे जातं. लहानांसाठी भोक लहान हवं, पाय ठेवायच्या जागा जवळ हव्यात, धरायला एक दांडा हवा, वरून उजेड यायला हवा आणि आतली कडी मुलाच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर हवी. कडी फार वर लावलेली सर्रास दिसते. मग मुली दार लागत नाही म्हणून जोडीने जातात, आणि एक नसली की दुसरीही जात नाही.

पाण्याचा हिशोब : पिण्याला आणि हात धुण्याला मिळून दर मुलामागे दिवसाला ३ लिटर. ४० मुलांचा वर्ग म्हणजे १२० लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा कॅन. हे कॅन कोण भरणार हे शाळा सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. नाही ठरलं, तर ते वर्गातल्या मोठ्या मुलींच्या डोक्यावर येतं. हात धुण्यासाठी तोटी बसवलेला कॅन विटांच्या ओट्यावर ठेवा, खाली खडी टाका. खडी नसेल तर आठवड्यात तिथे चिखल आणि डास.

पाटीपेन्सिल :
कडीची उंची! हे कुठल्याच अहवालात वाचलं नव्हतं. वर्गाच्या जागेबद्दल आणि सामानाबद्दल कोणी लिहील का? ‘पेटीतली शाळा’ म्हणतात ती नक्की काय असते?

झाडाखाली :
ती युनिसेफची अ‍ॅल्युमिनियमची पेटी. एक शिक्षक आणि ४० मुलं यांच्या हिशोबाने भरलेली. वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्र्या, मोजणीचे ठोकळे, शिकवायचं घड्याळ, तक्ते, आणि फळ्याचा रंग व ब्रश. तो रंग पेटीच्या झाकणाला आतून लावला की झाकण म्हणजेच फळा. आपत्तीनंतर पहिल्या ७२ तासांत शिकणं पुन्हा सुरू व्हावं हा हेतू. मला त्यातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते ती वही : तिला समास छापलेला नसतो. डावीकडून लिहिणारं मूल आणि उजवीकडून लिहिणारं मूल, दोघांनाही तीच वही चालावी म्हणून.

अगदी लहानांसाठी वेगळी पेटी असते, साधारण ५० मुलांसाठी : ठोकळे, कोडी, हातात घालायच्या बाहुल्या, चेंडू.

घोटाळा होतो तो असा. पेटी नवी असते आणि शिक्षक ती कुलपात जपून ठेवतो. संपेल, हरवेल, हिशोब द्यावा लागेल ही भीती. त्यापेक्षा सामान पहिल्याच दिवशी दहा पिशव्यांत वाटायचं, चार मुलांत एक पिशवी. पिशवीत ४ पेन्सिली, २ खोडरबर, १ शार्पनर. सुटताना मुलांनीच मोजून परत करायचं. तीन-चार आठवड्यांत मोजणी पाठ होते आणि पेन्सिलीही टिकतात. पेन्सिल बोटाएवढी उरली की तिला कागदाची घट्ट सुरळी चिकटवून लांब करा. आखूड तुकडा धरला की मूल मूठ वळून लिहायला लागतं, आणि ती सवय नंतर मोडत नाही.

तंबूबद्दल : उन्हात ताडपत्रीखाली दुपारी बसवत नाही. दोन्ही बाजूंचे पडदे गुडघाभर वर बांधावेत, छताच्या टोकाशी हवा जायला फट ठेवावी, आणि शक्य तिथे मूळ छताच्या हातभर वर दुसरं सावलीचं कापड ताणावं. भोवती चर खणायचाच, नाहीतर पहिल्या पावसात चटया भिजतात आणि भिजलेल्या चटईवर दोन दिवस कोणी बसत नाही. तंबूच्या दोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधा, नाहीतर धावणारी मुलं दोऱ्यांना अडकून पडतात. आणि बाहेर पडायला दोन वाटा ठेवा. बांबू आणि प्लास्टिकच्या वस्तीत आग मिनिटांत पसरते. कॉक्स बाजारच्या छावण्यांत मार्च २०२१ मध्ये लागलेल्या आगीत हजारो निवारे जळाले, शिक्षण केंद्रंही गेली.

दूरदेशी :
भाषेबद्दल लिहितो, सविस्तर.

सीरियातून आलेलं सात-आठ वर्षांचं, आधी थोडी शाळा झालेलं मूल घ्या. यजमान देशाच्या शाळेत त्याला वही मिळते आणि ते ती आपण जिला शेवटचं पान म्हणतो तिथून उघडतं. शिक्षक वही उलटी करून देतात. मूल पुन्हा तसंच उघडतं. दोन-तीनदा झालं की वर्ग हसतो, आणि मूल वही उघडायचंच थांबवतं.

गणितात याहून मोठा गोंधळ, आणि तो दिसत नाही. त्याच्या ओळखीचा पाच म्हणजे गोल, आपल्या शून्यासारखा. त्याचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा आपल्या इंग्रजी सातासारखा दिसतो. फळ्यावर इंग्रजी अंकांत १० लिहिले की त्याला ते १५ दिसतात, १०० म्हणजे १५५. बेरीज ते अगदी बरोबर करतं, पण वेगळ्याच संख्यांची. वहीत लाल फुल्या पडतात आणि शेरा येतो ‘गणित कच्चं’. शिवाय अरबी शाळांतून गणिताची मांडणी पुष्कळदा उजवीकडून डावीकडे शिकवतात. ७ वजा ३ असं लिहिलेलं ते ३ वजा ७ असं वाचू शकतं. मात्र संख्येतले अंक दोन्हीकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात. हा एक आधार हातात आहे, तो वापरावा.

करायचं काय : पहिल्या आठवड्यात दोन्ही पद्धतींचे अंक समोरासमोर असलेली पट्टी प्रत्येकाच्या वहीला चिकटवा. ठोकळे किंवा खडे मोजून उत्तर विचारा, म्हणजे मुलाला गणित येतं की नाही हे अंकांशिवाय कळेल. पट्टी महिना-दोन महिने राहू द्या. काढायची घाई नको, एक दिवस मूल आपण होऊन तिच्याकडे बघायचं थांबतं.

बोलण्याबद्दल : नव्या भाषेच्या वर्गात लहान मूल आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने गप्प राहू शकतं. ते ऐकून साठवत असतं. त्याला मतिमंद किंवा मुकं ठरवू नका. घरी आपल्या भाषेत बोलतं का, एवढं आईला विचारा. बोलत असेल तर वाट पाहा. उत्तर बोटाने दाखवून, चित्र उचलून देता येईल असे प्रश्न विचारा.

आणि दुभाष्या मदतनिसाकडून प्रत्येक वाक्याचं भाषांतर करून घेऊ नका. मुलं हुशार असतात. भाषांतर येणारच आहे हे कळलं की शिक्षकाचं ऐकणं सोडून देतात. धडा सुरू होण्याआधी पाच मिनिटं मुलांच्या भाषेत ‘आज काय बघणार’, मग पूर्ण धडा नव्या भाषेत, शेवटी पाच मिनिटं पुन्हा त्यांच्या भाषेत ‘काय कळलं’. एवढं पुरतं.

किनारा :
दूरदेशी, प्रतिसाद फार उपयोगी. पण एक गोष्ट सुटली. मुळात कोणत्या देशाचा अभ्यासक्रम? भाषा त्यावर ठरते.

रोहिंग्या मुलांचं पाहा. घरी रोहिंग्या, ती चाटगावच्या बोलीच्या जवळची. छावणीतल्या केंद्रांत बांगला शिकवायला सरकारची परवानगी नाही. आधी तात्पुरता अभ्यासक्रम होता, नंतर २०२१ च्या अखेरीपासून म्यानमारचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणला, म्हणजे माध्यम बर्मी. सहा वर्षांच्या मुलाला ती भाषा ना घरात ऐकू येते, ना छावणीबाहेरच्या गावात. माझ्या मते हे या मुलांवर फार मोठं ओझं आहे. परतीची आशा पालकांना हवी असते हे समजतं, पण ओझं मुलाच्या पाठीवर आहे.

नकाशा :
किनारा, इथे मी थोडा असहमत आहे. म्यानमारचा अभ्यासक्रम यावा ही रोहिंग्या पालकांचीच अनेक वर्षांची मागणी होती. आपल्या देशाशी नातं तुटू नये आणि उद्या परत गेल्यावर मुलाला पुन्हा पहिलीत बसवू नये, हे त्यांचं म्हणणं. ते बाजूला सारून बाहेरच्यांनी ठरवू नये.

किनारा :
पालकांचा हक्क मी नाकारत नाही. पण बाकीच्या जगाचा अनुभव बघा. तुर्कस्तानात सुरुवातीला सीरियन मुलांसाठी अरबी माध्यमाची तात्पुरती केंद्रं होती, २०१६ पासून मुलांना हळूहळू तुर्की शाळांत आणलं. जॉर्डनमध्ये जातारी छावणीतही जॉर्डनचाच अभ्यासक्रम. केनियातल्या काकुमा, दादाब छावण्या १९९१-९२ पासून आहेत, तिथल्या शाळांत केनियाचा अभ्यासक्रम चालतो. निर्वासित संघटनेनंही २०१२ पासून यजमान देशाच्या व्यवस्थेत सामावून घेण्याचंच धोरण धरलं. कारण सरळ आहे : परीक्षा, दाखला, प्रशिक्षित शिक्षक आणि पगार या चारही गोष्टी तिथेच मिळतात. काकुमात जन्मलेल्या मुलांची मुलं आता शाळेत आहेत. ‘तात्पुरतं’ म्हणून किती वर्षं ढकलायची?

दूरदेशी :
दोघांच्या मधला एक मार्ग बालवाडीपुरता तरी आहे. ३ ते ६ वयात अभ्यासक्रम कोणताही असो, माध्यम घरची भाषा ठेवता येते, कारण त्या वयात परीक्षा नाही. गाणी, गोष्टी, मोजणी घरच्या भाषेत पक्की झाली की पहिलीत दुसरी भाषा पेलते. रोहिंग्याला सर्वमान्य लिपी नाही ही अडचण खरी (रोहिंग्यासाठी बनवलेली हनीफी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली, पण वाचणारे थोडे). बालवाडीत लिपी लागतेच कुठे? तोंडी काम करा.

पाटीपेन्सिल :
ही चर्चा अशीच हवी होती. दुपारच्या अधिवेशनाबद्दल कोणाला माहिती आहे? आणि कागदपत्रं?

सुईदोरा :
दुपारचं अधिवेशन म्हणजे तीच इमारत, सकाळी स्थानिक मुलं, दुपारी निर्वासित. हजारो मुलांना झटपट जागा मिळते हा फायदा मोठा आहे. जातारीत मुली सकाळी आणि मुलगे दुपारी अशी वाटणी आहे. तोटे लहानांना जास्त बसतात. पहिलीतलं मूल दुपारी पेंगतं. तास आखूड होतात आणि पहिली काट खेळाला लागते. हिवाळ्यात सुटताना अंधार, म्हणून पालक मुलींना पाठवत नाहीत. स्थानिक मुलांशी गाठ पडते ती फक्त फाटकात, अदलाबदलीच्या दहा मिनिटांत, आणि मारामाऱ्या, टोमणे नेमके तिथेच. दोन अधिवेशनांत किमान २० मिनिटांचं अंतर ठेवा, त्या वेळी फाटकाशी दोन मोठी माणसं उभी करा. पहिली-दुसरीला दुपारच्या अधिवेशनात आधी सोडा. भाषेचा अवघड तास पहिल्या तासाला घ्या, शेवटच्या तासाला कधीच नको.

झाडाखाली :
कागदपत्रं. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम २२ म्हणतं, प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्यावी. १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २८ प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत म्हणतं. तरी शाळेच्या खिडकीत मागतात ते जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड. रात्रीतून निघालेल्या घराकडे यातलं काय असणार?

व्यवहारात हे चालतं : निर्वासित नोंदणीचा कागद आधार धरून तात्पुरता प्रवेश, बाकी कागदांना मुदत. लस टोचल्याची नोंद नसेल तर पुन्हा टोचून घ्यायची, त्यासाठी शाळा अडवायची नाही. नावाचं स्पेलिंग नोंदणीच्या कागदावर जसं आहे तसंच सगळीकडे, शिक्षकाला ते चुकीचं वाटलं तरी. एका अक्षराच्या फरकाने पुढे परीक्षेचा अर्ज अडतो. जन्मतारखेत १ जानेवारी दिसली तर समजा की ती अंदाजाने टाकलेली आहे. कित्येक मुलांच्या कागदावर हीच तारीख असते. अशा वेळी नुसत्या कागदावरून इयत्ता ठरवू नका. दुधाचे दात पडलेत का, धाकट्या भावंडापेक्षा किती मोठा, हे आईशी बोलून ठरवा.

आठ वर्षांच्या मुलाला कधीच शाळा मिळाली नसेल तरी त्याला पाच-सहा वर्षांच्या मुलांत बसवू नका, लाजून सोडतं. वयाच्या जवळच्या वर्गात बसवून रोज तासभर वेगळा वर्ग द्या. दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकणारे जे ‘जलद’ वर्ग असतात ते साधारण १० वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहेत. लहानांना त्यात ढकलू नये.

किनारा :
मनावरच्या आघाताबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. या वयात तो शब्दांत येत नाही. अंथरूण पुन्हा ओलं होणं, बोबडं बोलणं, आईचा पदर न सोडणं, पत्रा वाजला तरी दचकणं, यातून दिसतो. शिक्षकाने उपचार करायचे नसतात. त्याने करायचं ते असं : रोज तेच माणूस, तीच जागा, तोच क्रम. दिवसाच्या क्रमाची पाच-सहा चित्रं दोरीला टांगा आणि प्रत्येक गोष्ट झाली की चित्र उलटं करा. मुलाला पुढे काय येणार हे कळलं की ते शांत बसतं. घंटा किंवा शिट्टी नको, टाळ्यांची ठरावीक लय वापरा. विमान गेलं आणि मुलं बाकाखाली घुसली तर ओढून काढू नका. आपण खाली बसा, आवाज हळू ठेवा, ओळखीचं गाणं म्हणा.

‘तुझ्या गावात काय झालं ते काढ’ असं चित्र कधीही मागू नका, पाहुण्यांना दाखवायला तर अजिबात नाही. मूल आपण होऊन काढेल तेव्हा जवळ बसा, ‘मला सांगशील?’ एवढंच विचारा, आणि ते नको म्हणालं तर ऐका. मुलं बॉम्बस्फोटाचा, प्रेतयात्रेचा खेळ खेळतात. मोठी माणसं घाबरून थांबवतात. खेळू द्या. तोच खेळ रोज तसाच चालला आणि मूल शेवटी आणखी घाबरलेलं दिसलं, किंवा महिना उलटला तरी खाणं-झोप जागेवर आली नाही, तर छावणीतल्या बालसंरक्षण कर्मचाऱ्याला सांगा.

पाटीपेन्सिल :
शेवटचा प्रश्न. पटावर नाव असतं आणि एका सकाळी ते कुटुंब दुसऱ्या छावणीत किंवा शहरात गेलेलं असतं. शिक्षक नाव खोडून मोकळा होतो. याला काही करता येतं?

झाडाखाली :
येतं. नाव खोडायचं नाही, पुढे ‘गेला, अमुक तारीख’ लिहायचं, कारण बरीच कुटुंबं महिन्या-दोन महिन्यांत परत येतात आणि मग मूल पुन्हा नव्याने प्रवेशाच्या रांगेत नको. आणि प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी पहिल्या महिन्यातच करून पालकांकडे द्यायची, नोंदणीच्या कागदासोबत प्लास्टिकच्या त्याच पिशवीत. तयारी आधीची हवी, जाणारे सांगून जात नाहीत.

चिठ्ठीत : नोंदणीप्रमाणे नाव आणि क्रमांक. घरची भाषा आणि वाचता येणारी लिपी. कुठपर्यंत मोजतो, किती अक्षरं ओळखतो, पुस्तकाचं कोणतं पान चालू आहे. चष्मा, कान, औषध. शाळेतून न्यायला कोण येऊ शकतं, आणि मूल आई-वडिलांसोबत आहे, नातेवाइकांसोबत आहे की एकटंच. हा शेवटचा तपशील मात्र चिठ्ठीवर उघड लिहू नका, तो बालसंरक्षण कर्मचाऱ्यांच्या नोंदीत ठेवा आणि चिठ्ठीवर फक्त नोंदीचा क्रमांक टाका. एकटं मूल कोणाच्याही लक्षात येईल असा कागद त्याच्या खिशात नको. दर तीन महिन्यांनी पान क्रमांक बदलून तारीख घाला. ४० मुलांच्या चिठ्ठ्या दोन दुपारींत होतात.